ओला, सुका आणि असू दे

घरात तीन प्रकारचा कचरा असतो, असं भारत सरकारने 8 एप्रिल 2016 च्या नियमांत छापून टाकलं. ओला, सुका आणि घरगुती घातक. हे नियम लिहिणाऱ्यांच्या घरी आजी नसावी. असती तर पहिल्याच मसुद्यात चौथा प्रकार आला असता: ‘असू दे’.

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. तो ओला नाही, कारण आजीने तो घासून उन्हात वाळवलेला आहे. सुका म्हणावा तर तो कचराच नाही, कारण त्यात आता मोहरी आहे. घातक म्हणावा तर तो फक्त पाहुण्यांच्या मुलांना घातक असतो. बिचारी मोठ्या आशेने झाकण उघडतात. मिठाईच्या खोक्याची दोरी, नव्या शर्टातला पुठ्ठा, खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण, चिकटपट्टी नखाने अलगद सोडवून घडी घातलेला भेटीचा कागद, या सगळ्यांची घरात नोंद एकच: असू दे, लागेल कधीतरी. ते ‘कधीतरी’ कधी उजाडतं, असं विचारू नये. उजाडतं मात्र. ज्या दिवशी आपण ती दोरी टाकतो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उजाडतं, आणि मग पुढची दिवाळी येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

‘चक्राकार अर्थव्यवस्था’ या विषयावर हल्ली पंचतारांकित हॉटेलांत परिषदा भरतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या समोर ठेवून तज्ज्ञ बोलतात. आमच्याकडे हा विषय एका सुती साडीने कधीच संपवून टाकला होता. नेसून विरली की गोधडी, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, मग पायपुसणं, मग ओट्याचं फडकं, मग फरशीचं. शेवटी ती कचऱ्यात जातच नाही. झिजून झिजून नाहीशी होते. बनियनचाही असाच एक मार्ग ठरलेला आहे, तो स्कूटरच्या सीटखाली संपतो. आणि चक्र बघायचंच असेल तर लेमन सेट बघा. लग्नात आलेला लेमन सेट कोणी वापरत नाही, फेकतही नाही. तो पुढच्या लग्नात जातो, तिथून बारशाला, तिथून वास्तुशांतीला. काच अनंत वेळा वितळवून पुन्हा वापरता येते असं विज्ञान सांगतं. आपण न वितळवताच ते साधलेलं आहे.

जे झिजत नाही आणि फिरतही नाही, ते माळ्यावर जातं. मुंबईचा देवनारचा कचरा डेपो 1927 पासून चालू आहे, आणि त्याचं किती कौतुक आणि किती बोंब! पुण्यातल्या जुन्या वाड्यांतले काही माळे वयाने त्याच्या पुढे असतील. दिवाळीची साफसफाई म्हणजे बेडरूमच्या माळ्यावरचा पाळणा, टेबलफॅनची जाळी आणि कोणाच्या तरी बीकॉमच्या वह्या खाली काढून, पुसून, स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवणं. महापालिकेच्या भाषेत याला शास्त्रीय पद्धतीने स्थलांतर म्हणता येईल.

पण नियम ते नियम. आमच्या सोसायटीच्या फलकावर तीन रंगांची सूचना लागली आणि खरी परीक्षा सुरू झाली. 2016 च्या नियमात ओल्याला हिरवा, पुनर्वापराच्या मालाला पांढरा आणि बाकीच्याला काळा डबा होता. प्रत्यक्षात शहरभर सुक्याचा डबा निळा झाला. त्यामुळे सूचनेतच दोन मतं होती. त्यात सेक्रेटरींनी ‘शंका असल्यास ग्रुपवर विचारावे’ असं लिहिलं. मराठी माणसाला इतकं मोकळं आमंत्रण कोणी देऊ नये.

पहिली शंका टी-बॅगची. आतला चहा ओला, वरचा कागद सुका, दोऱ्याचं काय आणि पिन म्हणजे धातू. एक कप चहा पिऊन चार खात्यांशी पत्रव्यवहार. दुसरी पिझ्झाच्या खोक्याची. तेल लागलेला पुठ्ठा कागद गिरणीला चालत नाही, म्हणून तेलकट भाग फाडून ओल्यात आणि कोरा भाग सुक्यात टाकायचा, हे उत्तर बरोबर होतं. पण ते देणाऱ्या मुलीला ‘पिझ्झा मागवताच कशाला?’ असं उलट विचारलं गेलं आणि विषय संस्कारांवर गेला. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणजे तो नावापुरताच कागदी, हे कळल्यावर एका काकांनी ‘हल्ली कोणावर विश्वास ठेवायचा?’ असं विचारलं. तो प्रश्न कपापुरता नसावा.

आणि मग नारळ आला. सोसायटीच्या एकोप्याला नारळाइतकं घातक फळ दुसरं नाही. खोबरं ओलं, ते पोटात जातं, वाद नाही. शेंडी वाळलेली, पण झाडावरची. करवंटी निसर्गातलीच, पण खताच्या खड्ड्यात टाकली तर आपण निवृत्त होईपर्यंत तशीच राहते. शहाळ्याचं तर नावच काढू नका. दोन शहाळ्यांत बादली भरते आणि ते बारीक करायला वेगळं यंत्र लागतं. पहिल्या मजल्यावरच्या कोकणातल्या आजींनी करवंट्या बंबात जाळतात असं सांगून प्रश्न सोडवला. बंब आता फक्त त्यांच्या बोलण्यात आहे, ही त्यातली अडचण. आंब्याच्या कोयीवर चर्चा मे महिन्यापर्यंत तहकूब आहे.

निर्माल्याला तर कोणत्याच डब्यात टाकायची सोय नाही. देवाच्या अंगावरून उतरलेलं फूल भेंडीच्या देठांशेजारी कसं टाकायचं? म्हणून ते वेगळं, स्वच्छ, नव्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, गाडी काढून नदीवर नेतात. फुलं आठवड्यात कुजतील, त्यांचं काही बिघडत नाही. पिशवी मात्र मुठा, भीमा, कृष्णा अशी यात्रा करत थेट आंध्रात निघते. महापालिकेने पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या लावल्या. त्याने एवढंच झालं की एरवी जिना चढताना दम लागणाऱ्या गृहस्थांनी जाळीवरून गोळाफेक आत्मसात केली. चालत्या स्कूटरवरून, मागे बसून, डाव्या हाताने, नमस्कारासकट. खरं तर फुलांचं खत उत्तम होतं आणि गणपतीत घाटावर कलश ठेवतात, तिथे हेच लोक शहाण्यासारखे रांगेत उभे राहतात. बाकीचे तीनशेपन्नास दिवस कलश नसतो, पूल असतो.

पवित्र कचऱ्याचं सगळं उघड्यावर, तर लाजेच्या कचऱ्याचं सगळं झाकून. सॅनिटरी पॅड दुकानातून काळ्या पिशवीत येतो आणि वापरून झाला की बिनओळखीच्या पुडीत जातो. घरातल्यांना कळू नये हा हेतू. पण ती पुडी पुढे कोणीतरी उघडणार असतं, कारण तिच्यात काय आहे हे बाहेरून ओळखू येत नाही. पुण्यात यावर साधी युक्ती निघाली: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. डायपरलाही तेच. नियमांनी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनाच सोबत वेष्टन द्यायला सांगितलंय. किती पाकिटांतून ते निघतं, हे विकत घेणाऱ्यांनी पाहावं. ठिपक्याला लाल पेन लागतं, तेही मुलांच्या दप्तरात असतं. तरी आमच्याकडे ही सूचना फलकावर लागली तेव्हा ‘ज्येष्ठ नागरिक वाचतात’ म्हणून ती खाली उतरवली गेली. ज्येष्ठ नागरिकांनी या वयात नव्याने काय वाचायचं शिल्लक होतं, कोण जाणे.

ही पुडी उघडणाऱ्या हातांचा इतिहास पुण्याला नीट ठाऊक असायला हवा, कारण तो पुण्यातच घडला. 1993 साली बाबा आढावांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. उकिरड्यावर कागद वेचणाऱ्या बायका संघटित झाल्या आणि पुढे त्यांच्या हाती ओळखपत्रं आली. 2008 मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी महिन्याला थोडे पैसे द्यायचे असतात. एवढ्या पैशांत आपण बाहेर एक कॉफी पीत नाही, पण त्यावर सभासदांच्या सभेत जेवढा वेळ गेला तेवढा लिफ्टच्या दुरुस्तीवर गेला नाही.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंना घराघराची कुंडली येते. ज्योतिषाला निदान जन्मवेळ लागते. त्यांना बादली पुरते. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा अमेरिकेहून आल्याचं आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं, कारण सुक्या डब्यात एकदम परदेशी चॉकलेटचे कागद आले. कोण डाएटवर आहे हे सोमवारच्या ओट्सच्या पुड्यावरून समजतं आणि ते कधी संपलं हे बुधवारच्या वेफर्सवरून. एका दारी त्यांनी सरळ विचारलं, ‘‘वहिनी, सायबांची साखर वाढली का? चार दिस झालं सुया येत्यात.’’ वहिनी गडबडल्या. साहेबांनी इन्शुलिन सुरू केल्याचं सासूबाईंना सांगितलेलं नव्हतं, आणि सासूबाई दारातच होत्या. ‘‘सुया जाड बाटलीत भरून झाकण लावून द्या,’’ ताई पुढे म्हणाल्या, ‘‘पिशवीतनं टोचत्यात.’’ घातक कचऱ्यावर इतकं नेमकं व्याख्यान मी कुठल्या चर्चासत्रात ऐकलेलं नाही.

त्यांचं वर्गीकरण आपल्यापेक्षा फार पुढचं असतं. आपण ज्याला एकगठ्ठा ‘प्लास्टिक’ म्हणतो त्याला त्या हात लावून, चुरगाळून, आवाजावरून वेगळं करतात. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, 1 ते 7. एक म्हणजे पाण्याची बाटली, तिचा पुढे धागा निघतो. दोन म्हणजे शाम्पूचा कडक डबा. चार म्हणजे दुधाची पिशवी. पाच म्हणजे हॉटेलातून पार्सल येतं तो डबा, जो ‘असू दे’ खात्यात गेल्यामुळे ताईंपर्यंत पोचतच नाही. हे आकडे बघायला आपल्याला चष्मा लागतो, त्यांना अंगठा पुरतो. आणि बिस्किटाचं चकचकीत पाकीट त्या बाजूला टाकतात. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करायला परवडत नाही. भंगारवाला त्याला भाव देत नाही. घरात सगळ्यात जास्त येणारी वस्तू बाजारात सगळ्यात बिनकिमती. जाहिरातीला मात्र कोटी.

दुधाच्या पिशवीला भाव आहे, फक्त आपण तिचा कोपरा कात्रीने कापून वेगळा करतो. तो नखाएवढा तुकडा मोरीत जातो, जाळीत अडकतो, नाल्यात जातो, कोणाच्याच हाती लागत नाही. कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवायचा, बस्स. हे मी एका घरी सांगितलं तर ‘धार नीट पडत नाही’ असा अभिप्राय मिळाला. 23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाची पिशवी परत केली की 50 पैसे परत, अशीही कल्पना होती. पन्नास पैशांचं नाणं घरात शोधणं हाच मग एक उपक्रम झाला असता. बंदीने एक गोष्ट मात्र नक्की केली: मंडईत मायक्रॉन हा शब्द आला. 2022 च्या 31 डिसेंबरपासून पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. भाजीवाल्याकडे गिऱ्हाईक पिशवी बोटांत चोळून ‘एकशेवीसची आहे का?’ असं विचारतं, जणू बोटांत मोजपट्टी बसवलेली आहे. भाजीवाला ‘दीडशेची आहे’ म्हणतो. दोघांचं समाधान होतं.

रद्दीचा काटा हा वेगळाच रंगमंच. तिथे कचऱ्याला भाव येतो आणि त्यामुळे मान येतो. तिथेच एक जुनं शल्य आहे: इंग्रजी पेपरच्या रद्दीला मराठीपेक्षा किलोमागे जास्त भाव. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दुसऱ्या रविवारी आमच्या समोरच्या निवृत्त मास्तरांनी रद्दीवाल्याला ही बातमी असलेलाच अंक दाखवून भाव वाढवून मागितला. रद्दीवाल्याने तो अंकही मराठीतच वजन केला.

ओल्या कचऱ्याचं खत करा, हा उपदेश सोपा आणि उत्तमही आहे. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांना तर तो आपल्या आवारातच जिरवावा लागतो. म्हणून आमच्या सेक्रेटरींनी आधी सगळ्यांना कमी खायला सांगितलं. मग कोणीतरी सांगितलं की पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं, यांपैकी एक केलं तर मिळकत करात 5 टक्के सूट आहे, दोन केली तर 10. लगेच ठराव झाला, खड्डा झाला, गांडुळं आली.

गांडुळांबद्दल आपला समज असतो की ती काहीही खातात. ती चातुर्मास पाळतात, तोही बारा महिने. कांदा-लसूण नको, तेलकट नको, तिखट नको, लिंबा-संत्र्याची सालं नकोत, मिठाचं लोणचं तर नकोच. म्हणजे मिसळीची उरलेली तर्री त्यांच्या पानात वाढायची नाही. एवढी पथ्यं पाळून जे राहतं, त्यावर ती मन लावून काम करतात. आमची मात्र पहिल्याच पावसात गेली. ओला कचरा नुसताच ओला टाकला की आत हवा राहत नाही आणि आंबूस दर्प सुटतो. त्याला सुकं काहीतरी मिसळावं लागतं, वाळला पाला, लाकडाचा भुसा. ढोबळमानाने तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असा मेळ जमला की ढीग आपोआप तापतो आणि वास येत नाही. तर आमच्या समितीने पैसे मोजून कोकोपीटच्या विटा मागवल्या. ज्या सकाळी त्या विटा उतरत होत्या, त्याच सकाळी फाटकाशी माळीबुवा आंब्याचा आणि बदामाचा वाळला पाला गोळा करून त्याला काडी लावत होते. उघड्यावर जाळायला बंदी आहे, असं मी म्हटलं. ‘‘मग एवढा पाला टाकायचा कुठं?’’ ते म्हणाले. विटांचा टेम्पो धुरातून मागे घेताना दोनदा फाटकाला लागला.

शहरात हे सगळं विनोदी वाटतं, कारण गाडी रोज येते. 2017 च्या उन्हाळ्यात फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं आपल्या टी-बॅगा आणि पिझ्झाची खोकी त्यांच्या विहिरींशेजारी जात होती, त्यांना आमच्या ग्रुपवरच्या चर्चेत काडीचा रस नव्हता. तेव्हा दोन आठवड्यांतच पुणेकरांना ओलं आणि सुकं यांतला फरक डोळे मिटून कळू लागला. वासाने.

घातक कचऱ्याबद्दल थोडक्यात. औषधांच्या खणात मुदत संपलेल्या गोळ्या असतात आणि मुदत ही कंपनीने भीती घालायला छापलेली असते असं त्या खणाच्या मालकाचं ठाम मत असतं. तो खण ढवळू नये, फार तर मालक गावाला गेल्यावर ढवळावा. जुन्या सीएफएल दिव्यात थोडा पारा असतो. तो फुटू न देता वेगळा द्यायचा. गेलेला दिवा आपण ‘कधीकधी पेटतो’ म्हणून परत लावून बघतो, हे वेगळं.

गेल्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये ई-कचरा मोहीम झाली. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणाऱ्यांवरच ती परत गोळा करून त्यांची वाट लावायची जबाबदारी टाकलीय, वगैरे माहिती सेक्रेटरींनी सकाळी ध्वनिक्षेपकावरून दिली. टेबलं मांडली. पोराटोरांनी वरून सामान आणलं: मिक्सर, की-बोर्ड, कॅसेट प्लेअर, जाड पाठीचा टीव्ही, बटणांचे मोबाइल, आणि प्रत्येक घरातून एकेक पिशवी भरून वायरी, ज्यांतली एकही कशातच बसत नव्हती. अकरापर्यंत टेबलं ओसंडली. मग लोक बघायला आले. ‘‘हा मिक्सर कोणाचा? नुसतं कार्बन ब्रश बदललं की चालेल,’’ असं एकाने निदान केलं. दुसऱ्याने कॅसेट प्लेअर कानाला लावला. कोणाची नावं सांगणार नाही, पण एक टेबलफॅन मी सकाळी दुसऱ्या मजल्यावरून खाली येताना पाहिला आणि दुपारी लिफ्टमध्ये भेटला, तो नव्या मालकाबरोबर पाचव्या मजल्यावर निघाला होता. जाड पाठीचा टीव्ही वॉचमनने आरक्षित केला.

गाडी सहाला आली. ड्रायव्हरने टेबलाकडे बघितलं, मग पावती बुकात एक की-बोर्ड आणि दोन चार्जर लिहून सही घेतली. रात्री ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला: ‘मोहिमेला उदंड प्रतिसाद. सर्व वस्तू संपल्या आहेत. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी पुढच्या वेळी लवकर यावे.’